लाकडी मुठीचा चाकू

मंडळी, शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात घडीचा चाकू असला म्हणजे दिवसभरात त्याची किती कामे उरकतात ते आठवून पाहा. सुंभ कापायचा, कलमाची काडी छाटायची, दुपारी बांधावर बसून कांदा चिरायचा, सगळ्याला तोच. शाळेत बोरूने लिहीत तेव्हा गुरुजींनाही चाकूवाचून चालत नसे. बोरूला टोक काढायचे ते चाकूनेच.

आज हकीकत सांगायची आहे ती मात्र दूरच्या एका चाकूची. फ्रान्स देशात, इटलीच्या सरहद्दीला लागून, आल्प्स पर्वतात साव्हॉय नावाचा डोंगरी मुलूख आहे. हा मुलूख १८६० साली फ्रान्सला जोडला गेला. तिथल्या एका खेड्यात ओपिनेल नावाचे लोहाराचे घराणे होते. बाप कुऱ्हाडी, कोयते घडवी. त्याच्या धारेला पंचक्रोशीत नाव होते. त्याचा मुलगा जोझेफ १८७२ साली जन्मला. अठरा वर्षांचा असताना, म्हणजे १८९० साली, त्याने एक लहानसा घडीचा चाकू तयार केला.

त्या चाकूत होते काय? एक पोलादी पाते, बीच झाडाच्या लाकडाची गोलसर मूठ, मुठीच्या तोंडाशी पोलादी कडे आणि पात्याला धरून ठेवणारी एक खीळ. बस्स, चार जिन्नस! मुठीला उभी खाच. पाते मिटले की त्या खाचेत जाऊन बसे. चांदी नाही, हस्तिदंत नाही, नक्षी नाही. पण मूठ हातात अशी बसे, की दिवसभर काम करूनही हाताला रुतू नये.

इथेच बापलेकांत मतभेद झाला. बापाचा भर हातकामावर, तर मुलाला यंत्रांचे भारी वेड. स्वतःचा कॅमेरासुद्धा त्याने स्वतःच बनवला होता! मुठी करण्यासाठी त्याने यंत्रे बसवली. जत्रेत दुकान मांडले, फेरीवाले नेमले. रेल्वेच्या कामगारांनी हा चाकू खिशात घातला आणि आगगाडीबरोबर तो गावोगाव गेला. १८९७ साली लहानापासून मोठ्यापर्यंत त्याचे बारा आकार ठरले. १९०९ साली पात्यावर आशीर्वादाच्या हाताची आणि मुकुटाची मुद्रा आली. हात सेंट जॉनचा, मुकुट साव्हॉयच्या जुन्या सरदारकीचा.

आता तुम्ही विचाराल, यात खरे कोणाचे झाले, बापाचे की लेकाचे? असे पाहा, यंत्र नसते तर हा चाकू गुराख्याच्या आणि मजुराच्या ऐपतीत आला नसता. पण नुसत्या यंत्राला काय ठाऊक, मूठ केवढी जाड हवी आणि पाते कुठे वळायला हवे? ते ज्ञान लोहाराच्या घरातले. बापाची जाण आणि लेकाचे यंत्र, दोन्ही मिळाली तेव्हाच गरिबाच्या हाती चांगली वस्तू पडली.

संकटेही आली. १९२६ साली कारखान्याला आग लागली. तो पुन्हा उभारला. चाकूत एक उणीवही होती. काम करताना पाते अवचित मिटले, तर बोटच सापडायचे! त्यावर १९५५ साली जोझेफच्या मुलाने, मार्सेलने, तोड काढली. मुठीच्या तोंडाशी एक फिरते कडे बसवले. पाते उघडून कडे फिरवले की ते जागच्या जागी पक्के. एवढ्याशा कड्याने किती बोटे वाचली असतील, बरे! पुढे १९८५ साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाने जगातल्या शंभर देखण्या वस्तूंत या चाकूची गणना केली. मजुराच्या खिशातली ही वस्तू, बरं का!

अशी वस्तू नुसती विकत घेतल्याने आपली होत नाही. साध्या पोलादाचे पाते ओले ठेवले तर गंजते. म्हणून ते पुसायचे, वर तेलाचा हात फिरवायचा. पाण्याने लाकूड फुगले की पाते खाचेत अडकते. मग साव्हॉयचा माणूस नखाने ओढाताण करीत नाही. मुठीचे बूड टेबलावर ठक्कन आपटतो, पाते आपसूक वर डोकावते. वापरता वापरता पाते काळवंडते, मूठ गुळगुळीत होते आणि तो चाकू त्या माणसाचा होतो.

शिक्षकबंधूंनो, इतिहास म्हणजे तलवारी आणि तहनामे एवढेच नव्हे, हे मुलांना सांगायला घरातला एखादा जुना चाकू, अडकित्ता किंवा विळी पुरे आहे. तो कोणी घडवला, मूठ कशाची, धार कोण लावून देत असे, हे मुलांनी घरी आजोबांना विचारून यावे. आणि शेतकरी दादांनो, तुमच्या चाकूची मूठ हलत असेल, तर तो फेकण्याआधी एकवार गावातल्या लोहार-सुताराला दाखवा. चांगले हत्यार जपणाऱ्याजवळच टिकते.