चोवीस वाजता मावळणारा दिवस

इटलीत राहायला गेलेल्या परक्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते. इथे दुपारी दुकानं बंद, रात्रीचं जेवण उशिरा, संध्याकाळी अख्खं गाव रस्त्यावर. या लोकांना वेळेचं भानच नाही! तक्रार जुनी आहे. तिच्याकडे आज आपण इतिहासातून बघू.

चौदाव्या शतकापासून इटलीत तास मोजायची एक वेगळी रीत रुजली. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून धरतात ना? तिथे तो सूर्यास्तापासून धरत. मावळतीनंतर साधारण अर्ध्या तासाने सांजप्रार्थनेची घंटा व्हायची. तिथे चोवीस तास भरले. पुढचा तास नव्या दिवसाचा पहिला. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये मुख्य दाराच्या वर, आतल्या बाजूला, पाओलो उच्चेल्लो या चित्रकाराने १४४३ मध्ये रंगवलेली तबकडी आहे. तिच्यावर चोवीस आकडे आहेत, आणि काटा आपल्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो.

आता गैरसोय बघा. सूर्यास्त रोज सरकतो, म्हणून घड्याळ सारखं जुळवून घ्यावं लागे. ऐन मध्यान्ह उन्हाळ्यात साधारण सोळा वाजता, तर हिवाळ्यात एकोणीसच्या सुमारास! उत्तरेकडचा प्रवासी चक्रावून जाणारच.

पण सोयही बघा. वीस वाजले, म्हणजे काय? तर अंधार पडायला चार तास उरले. शेतकऱ्याला, गवंड्याला, वेस बंद व्हायच्या आत गाव गाठणाऱ्या वाटसरूला नेमकं हेच हवं असतं. आपल्या घड्याळात चार वाजले म्हणून उजेड किती उरला, ते कळत नाही. ऋतू कोणता, हे वेगळं ठाऊक असावं लागतं.

१७८६ च्या सप्टेंबरात गटे व्हेरोनाला पोचला. त्यालाही हा घोळ जाणवला. मग त्याने काय केलं? इटालियन आणि जर्मन तासांचा मेळ घालणारा एक तक्ताच तयार केला. त्याचं म्हणणं असं, की ही रीत या लोकांच्या जगण्यात विणलेली आहे. जर्मन काटा त्यांच्यावर लादला तर तेच गोंधळतील.

पुढे तसंच झालं म्हणा ना. अठराव्या शतकात काही राज्यांनी, आणि नंतर नेपोलियनच्या अमलाने, मध्यरात्रीपासून मोजायची रीत आणली. १ नोव्हेंबर १८९३ पासून सगळ्या देशाला मध्य युरोपीय वेळ लागू झाली.

आजची दुपारची बंद दुकानं त्या जुन्या घड्याळामुळेच आहेत, असं मी म्हणणार नाही. ऊन आहे, घरचं जेवण आहे, इतर कारणं आहेत. माझा मुद्दा निराळा आहे. प्रत्येक घड्याळ कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर देत असतं. ‘किती वाजले?’ आणि ‘उजेड किती उरला?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परक्या गावात राहायला गेलात, तर तिथल्या माणसांना बेशिस्त ठरवण्याआधी त्यांचा प्रश्न कोणता, तेवढं विचारून घ्या. गटेने तेच केलं.

इथे थांबतो.