आधी अंदाज, मग भट्टी

आणे गावात रंगदास स्वामींची यात्रा भरली की मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते. खाणाऱ्यांचं लक्ष आमटीवर, माझं खालच्या जाळावर. पठारावरचा वारा फिरला की जाळ एका अंगाला झुकतो. कढईची ती बाजू उकळ्या मारते, दुसरी गपगार. मग एखादं लाकूड आत सरतं, एखादं बाहेर येतं.

धातू गाळणाऱ्याचं दुखणं हेच. सह्याद्रीत जांभ्या दगडातून लोखंड काढणाऱ्या धावडांपाशी भाता होता, कोळसा होता. मोजमाप सगळं डोळ्यांत. छोटी भट्टी बिघडली तर मोडून पुन्हा बांधता येते. कारखान्यातल्या कित्येक मजली भट्टीला ती चैन नाही, म्हणून ती आधी संगणकात बांधतात.

तिच्या पोटाचे हजारो खण पाडायचे आणि प्रत्येक खणात हवा, उष्णता किती आली, किती गेली, ते मांडायचं. घोडं अडतं दाबापाशी. वेगाला समीकरण आहे, उष्णतेला आहे. दाबाला स्वतःचं नाही, आणि हवा तर दाबच ढकलतो. लॉस अलामॉसच्या हार्लो आणि वेल्श यांनी १९६५ मध्ये दाब खणाच्या मध्यावर आणि वेग त्याच्या भिंतींवर ठेवला. पुढची गाठ सोडवण्यात एक पुणेकर होता. सुहास पाटणकर: जन्म १९४१, पुण्यात अभियांत्रिकीची पदवी, मग पवईचं आयआयटी, मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ब्रायन स्पॉल्डिंग यांच्याकडे पीएचडी. गुरुशिष्यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या रीतीचं नाव ‘सिम्पल’. ही लांब इंग्रजी नावाची आद्याक्षरं खरी, पण जुळवताना दोघं गालात हसले असणार.

रीत अशी: दाब चक्क अंदाजपंचे धरायचा, त्यावरून वेग काढायचे. खणाखणांत आवकजावक जुळत नाही. जिथे जेवढी तफावत, त्या मानाने दाब दुरुस्त करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा कितीतरी फेऱ्या झाल्या की खातं जुळतं. खनिज कसं वितळेल, कोक कसा जळेल, ही गणितं निराळी. पण वारा कळल्याशिवाय ती पुढे सरकत नाहीत.

पाटणकरांच्या १९८० च्या पुस्तकात एक बारीक सूचना आहे. दुरुस्ती पुरती घालू नका, दाबाची ०.८ पट, वेगातला बदल निम्माच. नाहीतर आकडे उसळतात आणि मांडलेला हिशेब कोसळतो. कढईखालचं लाकूडही एकदम ओढत नाहीत, जरासं मागे घेतात आणि जाळाकडे बघत थांबतात.