विषाणूच्या जनुकद्रव्याची ओळख : बेसच्या प्रमाणाची कुळकथा

विषाणूचे जनुकद्रव्य चारांपैकी एका प्रकारचे असते : दुपेडी डीएनए, एकपेडी डीएनए, दुपेडी आरएनए किंवा एकपेडी आरएनए. त्यातल्या बेसचे, म्हणजे ॲडेनीन, ग्वानीन यांसारख्या घटकांचे, प्रमाण मोजून हा प्रकार ओळखण्याची रीत 1950 ते 1963 या काळात घडत गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकरी आणि पशुपालक यांना माहीत असलेल्या विषाणुरोगांत या चारही प्रकारांची उदाहरणे सापडतात.

रीतीचे मूळ कोलंबिया विद्यापीठातील एर्विन चारगाफ यांच्या कामात आहे. न्यूक्लिक आम्लाचे विघटन करून सुटे झालेले बेस त्यांनी कागदी वर्णलेखनाने वेगळे केले. प्रत्येक बेस अतिनील प्रकाश किती शोषतो, यावरून त्याचे प्रमाण काढले. डीएनएमध्ये ॲडेनीन थायमीनइतके आणि ग्वानीन सायटोसीनइतके असते, हे त्यांनी 1950 मध्ये मांडले. या बरोबरीचे कारण 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांच्या दुपेडी रचनेतून कळले. एका पेडावरील ॲडेनीनसमोर दुसऱ्या पेडावर थायमीनच येते, ग्वानीनसमोर सायटोसीनच.

यातून दोन कसोट्या मिळाल्या. थायमीन असेल तर डीएनए, त्याच्या जागी युरॅसिल असेल तर आरएनए. जोड्यांची प्रमाणे सारखी असतील तर दोन पेड, विषम असतील तर एक. तंबाखूच्या मोझॅक विषाणूत आरएनए असल्याचे बॉडेन आणि पिरी यांनी 1930च्या दशकातच दाखवले होते. त्यात ॲडेनीन सुमारे 30 टक्के, तर युरॅसिल सुमारे 26 टक्के भरते. म्हणजे हा आरएनए एकपेडी.

डीएनए मात्र दुपेडीच असतो, असा समज पक्का होता. तो 1959 मध्ये रॉबर्ट सिन्शायमर यांनी मोडला. फाय-एक्स 174 या जिवाणुभक्षी विषाणूत त्यांना ॲडेनीन सुमारे 25 टक्के आणि थायमीन सुमारे 33 टक्के आढळले. 1963 मध्ये गोमाटोस आणि टॅम यांना रिओव्हायरसच्या आरएनएमध्ये उलट प्रकार दिसला. तेथे ॲडेनीन व युरॅसिल समान होते, तसेच ग्वानीन व सायटोसीनही. दुपेडी आरएनए असा हाती लागला आणि चार प्रकारांचा तक्ता पुरा झाला.

गाईगुरांच्या लंपी त्वचारोगाने 2022 मध्ये अहिल्यानगरसह महाराष्ट्राला ग्रासले. त्याच्या विषाणूत सुमारे 1 लाख 51 हजार बेस-जोड्यांचा दुपेडी डीएनए आहे. त्यात ॲडेनीन आणि थायमीन मिळून सुमारे 73 टक्के आहेत. दोन्ही समान असल्याने प्रत्येकी साधारण 36.5 टक्के, आणि ग्वानीन व सायटोसीन प्रत्येकी 13.5 टक्के, असा हिशेब निघतो. टोमॅटोवर पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पर्णगुच्छाचा विषाणू एकपेडी डीएनएचा आहे. मेंढ्यांच्या निळी जीभ या रोगाची भारतातील पहिली नोंद 1964 मध्ये महाराष्ट्रातच झाली. चिलटांमार्फत पसरणाऱ्या त्याच्या विषाणूत दुपेडी आरएनएचे दहा तुकडे असतात. 2020 मध्ये संगमनेर, अकोले भागातील टोमॅटोची फळे एकसारखी न पिकता रंगीबेरंगी होऊ लागली, तेव्हा शेतकऱ्यांनी त्या रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीच्या मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. मावा किडीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूत एकपेडी आरएनएचे तीन तुकडे असतात.

या कसोट्यांना मर्यादा आहेत. पीबीएस-1 या जिवाणुभक्षी विषाणूच्या डीएनएमध्येच थायमीनऐवजी युरॅसिल असते, म्हणून डीएनए व आरएनए यांच्यात वेगवेगळ्या असणाऱ्या शर्करेची परीक्षा करावी लागते. एकपेडी द्रव्यातही प्रमाणे योगायोगाने जवळपास सारखी येऊ शकतात. अशा वेळी तापवल्यावर द्रव्याचे पेड सुटतात का, हे पाहतात. उलट विषम प्रमाण हा एकपेडीपणाचा भक्कम पुरावा ठरतो.

आता रोगनिदान पीसीआरने होते आणि जनुकक्रम थेट वाचता येतो. तरी 1971 मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांनी केलेले विषाणूंचे वर्गीकरण याच चार प्रकारांच्या पायावर उभे आहे. बेसचे प्रमाण जनुकद्रव्याचा प्रकार सांगते. रोग कोणता, हे ठरवण्यासाठी मात्र बेसचा क्रमच वाचावा लागतो.