बोट लागली, पण कुठे?

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या टीमबरोबर मुंबई-गोवा क्रूझ केली. मी सोलापूरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, नाहीतर उजनी. ‘गाडी लागणं’ लहानपणापासून माहीत होतं, ‘बोट लागणं’ पहिल्याच रात्री कळलं. पहाटे पोट सावरायला डेकवर आलो, तर टीममधली वेंगुर्ल्याची मैत्रीण आधीच कठड्याला टेकून उभी होती. लांब काळोखात दीपगृहाचा उजेड लुकलुकत होता.

“वेंगुर्ला रॉक्स,” ती म्हणाली. “त्याच्या मागे आमचं गाव. आजी मुंबईहून बोटीनंच यायची.”

आमचं जहाज थांबलं नाही. ते थांबणारही नव्हतं. पण एकेकाळी या किनाऱ्यावर बोट एसटीसारखी थांबत जायची: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. आज आपण ‘क्रूझ स्टॉप’ म्हणतो, सेल्फी काढतो. तेव्हा त्याच थांब्यावर गिरणीत काम करणारा माणूस वर्षातून एकदा आपल्या बायको-मुलांना भेटायला उतरायचा.

हे समजून घ्यायला मला माझ्याच गावाचा आधार लागला. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये. १८६३ मध्ये बोरघाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबई थेट जोडली गेली. १८७७ मध्ये आमची जुनी मिल उभी राहिली, तीही मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांच्या भांडवलावर. म्हणजे रुळांवरून गिरणीच आमच्याकडे आली. कोकणात उलट झालं. माणसंच गिरणीकडे गेली, आणि जायला रूळ नव्हते, पाणी होतं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ला. मी तेव्हा जेमतेम चालायला लागलो होतो. इतका अलीकडचा तो इतिहास आहे.

वेंगुर्ला मात्र कायमच मागे पडलेलं गाव नव्हतं. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून आहेत. १८१२ मध्ये वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं आणि पुढे बेळगावच्या छावणीचं ते बंदर झालं. घाटावरचा माल खाली यायचा, बोटीत चढायचा. मग १८८०च्या दशकात मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि घाटावरचा बराच व्यापार तिकडे वळला. रेल्वेनं एका गावाचं भलं केलं की शेजारच्या गावाचं काय होतं, हा प्रश्न आम्ही सोलापूरकर सहसा विचारत नाही. आम्ही रुळांच्या बाजूचे ना!

माल गेला, माणसं राहिली. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी होत्या, आणि स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली एक भारतीय कंपनीही होती. तिला लोक प्रेमानं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावं. मुंबई ते गोवा साधारण एक दिवस-रात्र लागायची. डेकवर ज्याची वळकटी आधी पसरली त्याची जागा. आजीच्या आठवणीत ती जागा धरायला सोलापुरी चादर असायची. मला उगाच बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. ‘बोट लागली’ असं म्हणायचे खरे, पण अशा बऱ्याच थांब्यांवर बोट धक्क्याला लागतच नसे. पाणी उथळ, म्हणून ती दूर समुद्रात नांगर टाकून भोंगा द्यायची. किनाऱ्यावरून पडाव निघायचे. लाट वर आली की शिडीवरून पडावात पाय टाकायचा, लाट खाली गेली की थांबायचं. ट्रंका, कोंबड्या, तान्ही मुलं हातोहात खाली. पडावही वाळूपर्यंत पोचायचा नाही. तिथून पुढे हमालाच्या पाठीवर, नाहीतर खांद्यावर.

आमच्या धंद्यात याला ‘लास्ट माइल’ म्हणतात. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी पैशाचं काम तिथेच असतं. बोटींची नावं, कंपन्या, तारखा आज सापडतात. खांदा देणाऱ्यांची नावं मला कुठेच सापडली नाहीत. बोटीच्या आठवणींमध्येही खारा वारा भरपूर भेटतो, हा माणूस क्वचित. आजीला मात्र तो आठवत होता. छातीएवढ्या पाण्यात उभा, तोंडानं सतत “घाबरू नको” म्हणणारा. लग्न होऊन नुकतीच मुंबईला निघालेली ती, परक्या पुरुषाच्या पाठीवर बसायचं म्हणून रडली होती. “तुमका आता धक्को आसा, आमका खांदो होतो,” ती म्हणाली.

पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असायच्या. मुंबईजवळच्या छोट्या फेऱ्या चालू राहत. १७ जुलै १९४७ला, स्वातंत्र्याच्या २९ दिवस आधी, ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ बुडाली. ६००हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. तरीही लोक बोटीनं जात राहिले, कारण दुसरी सोय फारशी नव्हती. पुढे ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ आल्या. रस्ते सुधारले, एसटी घरापर्यंत जाऊ लागली, आणि बोट एकेक थांबा गाळत गेली. त्यात दुःख करावं असं मला पूर्णपणे वाटत नाही. एसटीतून उतरायला कुणाच्या पाठीवर बसावं लागत नाही.

क्रूझनंतर दोन महिन्यांनी मी मैत्रिणीकडे वेंगुर्ल्याला गेलो, तेव्हा आजीशी हे सगळं बोलणं झालं. संध्याकाळी आम्ही तिला बंदरावर घेऊन गेलो. मासळीच्या होड्या लागत होत्या. बोट नेमकी कुठे उभी राहायची, असं मी विचारलं. तिनं काठी उचलून समुद्राकडे दाखवलं, मग जरा डावीकडे सरकवली, मग पुन्हा उजवीकडे. तिथे नुसतं पाणी होतं.

“तुमची बोट थांबली नाय?” तिनं विचारलं.

“नाही, आजी.”

“मगे तुमका गाव दिसलो कसो?”

दिवा दिसला होता, एवढंच मी सांगितलं.