एकाच साधनाची दोन कामे

रघुनाथ धोंडो कर्वे म्हटले की संततिनियमन आठवते, 'समाजस्वास्थ्य' मासिक आठवते, आणि त्यांच्यावर झालेले खटले आठवतात. याच माणसाने 'गुप्तरोगांपासून बचाव' नावाचे पुस्तकही लिहिले होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. मला हे विसरणे साधे वाटत नाही. नको असलेले मूल टाळणे आणि रोग टाळणे ही कर्व्यांच्या लेखी एकाच स्वास्थ्याची दोन अंगे होती. पुढे आपण त्यांची फारकत केली.

गरमी आणि परमा हे शब्द आपल्याकडे जुने आहेत. गरमीसाठी सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त भावमिश्राने 'फिरंग रोग' असे नाव दिले आहे. फिरंग्यांच्या संसर्गाने होतो म्हणून फिरंग! पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरल्यानंतरची ही नोंद. औषध म्हणून चोपचिनी आणि पारा. पाऱ्याने रोग्याचे तोंड येई, दात हलत. रोग बरा झाला की नुसता दबला, हे कुणालाच सांगता येत नसे.

इंग्रजांना काळजी होती ती गोऱ्या सोल्जरांची. 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी आणली. तपासायचे ते बाईला. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला कुणी हात लावीत नसे. 1888 साली हा कायदा गेला, पण रोग बाईकडून येतो ही समजूत गेली नाही.

या पार्श्वभूमीवर कर्व्यांकडे पाहावे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीने होत्या. 1925 मध्ये या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि 1927 च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' सुरू झाले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यात सरळ, कधी कधी फटकळ उत्तरे असत. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला. मासिक मात्र कर्वे गेले त्या 1953 सालापर्यंत चालूच राहिले.

फारकतीचे परिणाम समजायला थोडे शरीरशास्त्र हवे. परमा झालेल्या पुरुषाला लघवीला जळजळ होते, पू येतो. तो गुपचूप औषध घेतो. बायकोला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. आत मात्र गर्भनलिका सुजतात, चिकटतात, बंद होतात. मग मूल होत नाही आणि वांझपणाचा शिक्का तिच्यावर बसतो. गर्भ आणि असे रोग दोन्ही एकदम अडवणारे साधन एकच, ते म्हणजे रबरी टोपी अर्थात निरोध. तांबी, गोळी, नसबंदी यांनी मूल थांबते. जंतू थांबत नाहीत.

स्वतंत्र भारताने 1952 मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, ही जगात अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. पण त्याचा डोळा लोकसंख्येच्या आकड्यावर होता. 1965 च्या सुमारास लूप आली. जिच्या अंगात आधीच संसर्ग आहे तिला ती बसवणे धोक्याचे, पण आधी तपासायला वेळ कुणाला होता? रक्तस्रावाच्या तक्रारींनी लूप बदनाम झाली. 1968 मध्ये पाच पैशांचा निरोध निघाला, तोही सुखी चौकोनी कुटुंबाचे साधन म्हणून. त्याचे दुसरे काम सांगायचे तर घरंदाज जोडप्यातही रोग असू शकतो हे कबूल करावे लागले असते. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती झाली. तिची प्रतिक्रिया उमटली आणि तेव्हापासून शस्त्रक्रियेचे ओझे बाईवर गेले ते आजतागायत.

या सगळ्याचा हिशेब गडचिरोलीत मांडला गेला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. हे सगळेच रोग लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पण त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. शस्त्रक्रियेसाठी गावोगाव पोचणाऱ्या यंत्रणेने या बायकांना दुखते कुठे, हे विचारलेच नव्हते.

निरोधचे दुसरे काम सरकारी भिंतींवर आले ते एड्समुळे. 1986 मध्ये मद्रासला पहिले रुग्ण सापडले, त्यानंतर. तेव्हाही बोट आधी वेश्यांकडेच गेले. मुंबईतल्या कामाठीपुऱ्यात टोप्या वाटल्या गेल्या. संसाराच्या उंबरठ्याशी मात्र जुना संकोच आडवा आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांनी स्वतःची नसबंदी करून घेतलेली होती. निरोध वापरणारी जोडपी होती 9.5 टक्के.