(जी = ९.८ धरा)

गेल्या दिवाळीत भाची आमच्याकडे राहायला आली होती. दहावीचं वर्ष, त्यामुळे फराळाच्या डब्याबरोबर दप्तरही आलं. एका दुपारी बघतो तर खिडकीच्या गजाला दोरा बांधून त्याला आमच्या कोठीचं पितळी कुलूप लटकवलेलं, आणि बाईसाहेब मोबाईलवर वेळ लावून आंदोलनं मोजतायत. मला कौतुक वाटलं. पण अर्ध्या तासाने ती वही घेऊन आली तेव्हा चेहरा पडलेला. "मामा, जी ९.५७ आला. आता मी वेळ ३९.८ ऐवजी ३९.३ लिहिते, म्हणजे बरोबर ९.८ येतो."

उत्तर आधी, मोजमाप नंतर! हसू आलं, पण मनापासून हसता येईना. का ते पुढे सांगतो.

आमच्या घरात या 'जी'च्या तीन पिढ्या झाल्या आहेत. माझे आजोबा (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) मॅट्रिक झाले १९४१ साली. त्यांची गणितं फुटात. कड्यावरून धोंडा सोडला, चार सेकंदांत खाली पोचला, कडा किती उंच? जी = ३२ धरा. सोळा गुणिले सोळा, २५६ फूट. तोंडी येतं! ३२ हा आकडा मुलांच्या सोयीसाठीच केला असावा असं वाटावं इतका गोड आहे. खरं तर तो ३२.२ च्या जवळपास. दशांश मुकाट्याने गाळलेला. मात्र बल काढायचं म्हटलं की पौंड आणि पौंडल यांच्या घोळात भलेभले आडवे व्हायचे. अण्णा म्हातारपणीसुद्धा "बत्तीसने गुणलंस का?" असं विचारायचे.

मग बाबा. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, दशमान नाणी १९५७ ला आली, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आले. बाबा १९६७ ला अकरावी एस.एस.सी. झाले, तोवर धोंडा सेंटिमीटरमध्ये पडायला लागला होता. जी = ९८० धरा. त्यांची उत्तरं इतकी लांबलचक की एक शून्य इकडचं तिकडे झालं तर कळायचंही नाही. माझ्या वेळी, १९८८ ला, मीटर-किलोग्रॅम-सेकंद आणि ९.८. भाचीच्या क्लासमध्ये तर सरळ १० धरा म्हणतात. पर्याय निवडायचे असले की चालतं म्हणे. धोंडा तोच, कडा तोच, कंसातला आकडा तेवढा बदलतो आहे.

पण हा आकडा आला कुठून? आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की 'धरा' या दोन अक्षरांमागे काय काय आहे.

१६७२ साली झां रिशेर नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला. पॅरिसमध्ये बरोबर सेकंदाला ठोका देणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. वेळ जुळवायला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. पॅरिसला परतल्यावर काही जाणत्यांना वाटलं, याच्या निरीक्षणात चूक झाली असणार. रिशेरने आकडा बदलला नाही. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने तोच आकडा पुराव्यादाखल घेतला: पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे, म्हणून तिथे ओढ कमी.

दुसरी गोष्ट आपल्या इकडची, आणि मला जास्त लागलेली. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात एक विचित्र गोष्ट सापडली होती. हिमालयासारखा प्रचंड पर्वत ओळंबा आपल्याकडे जितका ओढायला हवा तितका ओढत नाही. १८५५ च्या सुमारास प्रॅट आणि एअरी यांनी यावर डोकं चालवलं. मग खुद्द गुरुत्व मोजायचं ठरलं आणि १८६५ पासून कॅप्टन बसेवी या अधिकाऱ्याने रॉयल सोसायटीकडून आलेले लंबक घेऊन देशभर मोजमापं सुरू केली. मिनिकॉय बेटापासून थेट लडाखपर्यंत. लंबक टांगायचा, आंदोलनं मोजत बसायचं, तापमानाची आणि हवेची दुरुस्ती करायची, पुन्हा मोजायचं. लडाखमध्ये मोरे इथे, पंधरा हजार फुटांच्या वर, त्याने हेच केलं. डोंगराच्या वस्तुमानाचा हिशेब धरला तर ओढ अपेक्षेपेक्षा खूपच कमी भरली. पर्वताखाली कसलीतरी तूट आहे, हलका खडक खोलवर गेलेला आहे, या कल्पनेला या आकड्यांनी बळ दिलं. त्याहून उंचावर चांगचेन्मोच्या भागात पुढची मोजणी करायला गेलेला बसेवी जुलै १८७१ मध्ये तिथेच, त्या थंडीत आणि विरळ हवेत, मरण पावला.

९.८०६६५ हा 'प्रमाण' आकडा पुढे १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरवला गेला. ठरवला, मोजला नव्हे. पुण्यात खरा जी ९.७८ च्या आसपास आहे. असो.

तर भाचीला मी हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिने. (मधे दोनदा चकली.) मग म्हणाली, "पण तू काय केलं होतंस?"

आता लपवण्यात काय अर्थ! अकरावीच्या प्रॅक्टिकलला माझा आणि माझ्या पार्टनरचा जी १०.४ आला होता. वेळ संपत आली होती. आम्ही ९.८ वरून उलटं गणित केलं, दहाही रीडिंगं पाडली आणि ती खरी वाटावीत म्हणून शेवटच्या अंकात थोडी गडबड घातली. वही तपासून सही मिळाली, वर 'छान' असा शेराही. आमचं काय चुकलं होतं ते मला आजतागायत माहीत नाही, कारण खरी रीडिंगं आम्ही खोडून टाकली होती.

ती काही बोलली नाही. आम्ही दोघं खिडकीशी गेलो. दोरा कुठून कुठपर्यंत मोजलास विचारलं. गजापासून गाठीपर्यंत, ९६ सेंटिमीटर. आणि कुलूप? ते गाठीच्या खाली लोंबतंय, त्याचा मध्य आणखी दोन सेंटिमीटर खाली. लांबी मध्यापर्यंत धरायची असते. तिने ९८ घालून पुन्हा गणित केलं. वेळ तीच, ३९.८ सेकंदांत वीस आंदोलनं.

९.७७.

"पुण्याचा!" ती ओरडलीच. मी म्हटलं, थांब, हाताने वेळ लावताना दशांश सेकंद इकडेतिकडे झाला तरी उत्तर ०.०५ ने हलतं, तेव्हा पुण्याचा की पॅरिसचा हे या कुलपाने कळणार नाही. तिला ते फारसं आवडलं नाही. पण वहीत तिने पहिलं ९.५७ एका रेघेने खोडलं, वाचता येईल असं, आणि शेजारी लिहिलं: लांबी गाठीपर्यंत मोजली होती.

बाबा आरामखुर्चीतून एवढंच म्हणाले, "९७७ म्हण की."