तीन नंबरचा बावटा

समुद्र खवळायची चिन्हं दिसली की मुरूड-श्रीवर्धनच्या जेटीवर विचारणा सुरू होते, ‘कितीचा बावटा लागला?’ वर्तमानपत्रंही ‘तीन नंबरचा बावटा’ असाच मथळा देतात. या आकड्यांचं मूळ मात्र कलकत्त्याचं.

ऑक्टोबर १८६४च्या चक्रीवादळाने कलकत्ता बंदराची दाणादाण उडवली. पुढच्याच वर्षी तिथे वादळाची आगाऊ सूचना देण्याची सोय झाली. मुंबई सरकारने १८८० साली ती पश्चिम किनाऱ्यावर आणली. मुंबईबरोबर रत्नागिरी, वेंगुर्ला ही बंदरंही त्यात होती. १ एप्रिल १८९८पासून देशातल्या सगळ्या बंदरांना सारखे इशारे लागू झाले.

इशाऱ्याची तार बंदराच्या साहेबाला वाचता येई; ती खलाशापर्यंत पोचवायची कशी? दिवसा डोलकाठीवर शंकू आणि नळकांडी चढवली, म्हणजे दुरून नुसता आकार दिसला तरी पुरे. रात्री तोच निरोप लाल-पांढऱ्या दिव्यांनी दिला. हे इशारे, म्हणजेच बावटे, एकूण अकरा. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात. तीन म्हणजे बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. वादळ बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार, तेही आकड्यावरून कळतं.

मोठ्या जहाजाच्या कप्तानाला हा तपशील लागतो. होडी बाहेर काढायची की वर ओढायची, एवढंच ठरवणाऱ्या तांडेलाला तो काय करायचा? म्हणून लहान बंदरांसाठी तीन, चार, सात, दहा आणि अकरा हे पाचच इशारे ठेवले.

पुढे रेडिओ आला, मोबाइलवर संदेश आले. पण किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. त्यावर २०१९ साली ‘जेमिनी’ हे यंत्र निघालं. ते उपग्रहावरून इशारा घेतं आणि ब्लूटूथने होडीतल्याच फोनवर मराठीसह नऊ प्रादेशिक भाषांत दाखवतं. उलट निरोप मात्र धाडता येत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने धडकलं. विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले. अकरा नंबरचा अर्थ नेमका हाच: वादळाचा इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, धोका समजून वागा. इशाऱ्याची साधनं कितीही वाढवा. पण विजेवाचून, रेंजवाचून दिसणारं एखादं तरी प्रत्येक बंदरात असायलाच हवं.